व्यायामाची सायकल : साडेबारा हजारांची नवी की साडेसहा हजारांची वापरलेली?

डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी,

घरी व्यायामासाठी सायकल घ्यायची आहे. चालवणारे दोघं. मी : उंची ५ फूट १० इंच, वजन ९४ किलो, आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा-पाऊण तास. आणि आई : वय ६४, उंची जेमतेम ५ फूट, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी हलकं सायकलिंग चालेल म्हणून सांगितलंय. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाच्या बाबतीत हळवे आहेत.

समोर तीन पर्याय आहेत.

१) नवी अपराइट (ताठ बसून चालवायची), मॅग्नेटिक, अवरोधाच्या ८ लेव्हल, फ्लायव्हील (फिरणारं जड चाक) ६ किलो. १२,५०० रुपये.
२) वापरलेली स्पिन बाइक, फ्लायव्हील १३ किलो, नॉब फिरवून पॅड चाकावर दाबायचा, चेनवर चालते. ९,००० रुपये.
३) वापरलेली अपराइट मॅग्नेटिक, चांगली दणकट दिसते, पण डिस्प्ले बंद आहे. ६,५०० रुपये.

कोणती घ्यावी? वापरलेली घ्यायची तर जाऊन नेमकं काय तपासायचं?

चक्रधर

२ नंबर आईंसाठी नको. अशा स्पिन बाइकला बहुधा फ्रीव्हील नसतं, पेडल आणि फ्लायव्हील एकमेकांना बांधलेले असतात. १३ किलोचं चाक एकदा वेगात आलं की तुम्ही थांबलात तरी पेडल फिरत राहतात आणि पाय ओढून नेतात. थांबायचं तर नॉब खाली दाबून ब्रेक लावावा लागतो. तरण्या माणसाला याची लगेच सवय होते, दुखऱ्या गुडघ्याला हा झटका नको. शिवाय चाकावर दाबणारा पॅड लोकरीचा किंवा चामड्याचा असतो. तो झिजतो, सुकला की करकरतो, जळकट वास येतो. नवा पॅड महाग नाही, पण चेन आणि पॅड मिळून जो आवाज होतो त्यावरून खालच्यांची तक्रार येणारच.

उरल्या १ आणि ३. दोन्हींत लोहचुंबक फ्लायव्हीलच्या जवळ सरकतो, फिरत्या धातूत वीजप्रवाह तयार होतात आणि ते चाकाला अडवतात. चुंबक चाकाला कुठेही टेकत नाही, म्हणून झीजही नाही. चार वर्षं चाललेल्या मॅग्नेटिक सायकलचा अवरोध नव्याइतकाच असतो. वय दिसतं ते बेअरिंग, क्रँक (ज्याच्या टोकाला पेडल बसतो ती दांडी), पेडल, बेल्ट आणि लेव्हलच्या केबलमध्ये, आणि यातलं बहुतेक सगळं साध्या सायकलवाल्याकडे किंवा बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

३ नंबरच्या मालकाला आधी एकच प्रश्न विचारा : लेव्हल कशाने बदलते? दांड्यावर हाताने पिळायचा नॉब असेल तर तो केबल ओढून चुंबक हलवतो, डिस्प्लेशी त्याचा काही संबंध नाही. डिस्प्ले मेलेला असला तरी सायकल पूर्ण चालते. लेव्हल बटणाने बदलत असेल आणि मागे अडॅप्टर लावायचं भोक असेल तर मात्र चुंबक मोटर हलवते आणि मोटरला हुकूम डिस्प्ले देतो. अशा सायकलचा डिस्प्ले गेला की ती एकाच लेव्हलवर अडकते, आणि बंद झालेल्या मॉडेलचा डिस्प्ले शोधणं म्हणजे डोक्याला ताप. तशी असेल तर फुकटातही आणू नका.

फ्लायव्हीलच्या किलोंना भुलू नका. चाकात साठणारी ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. बेल्टने जास्त वेगात फिरवलेलं ६ किलोचं चाक संथ फिरणाऱ्या जड चाकाइतकंच गुळगुळीत चालू शकतं. चालवून बघणं हाच उपाय.

पाना_पंधरा

चक्रधर यांच्याशी सहमत. तपासणीचं सविस्तर लिहितो, कारण वापरलेल्या सायकलीत पैसे बुडतात ते इथेच.

सोबत १५ चा पाना, ६ आणि ८ ची ॲलन की, टॉर्च आणि दोन-दोन नवे एए, एएए सेल न्या. जाण्याआधी फ्रेमवरच्या स्टिकरचा फोटो मागवा. त्यावर मॉडेल, कमाल वजन आणि बऱ्याचदा आयएसओ २०९५७ किंवा ईएन ९५७ या मानकाचा वर्ग छापलेला असतो. एच म्हणजे घरगुती, एस म्हणजे व्यावसायिक वापरासाठी. पुढचं ए, बी, सी हे अक्षर आकड्यांच्या अचूकतेचं, त्यात सी सगळ्यात ढिलं. तुमचं वजन ९४ आहे, तेव्हा १०० किलो छापलेली सायकल घेऊ नका, ११०-१२० हवी. जिममधून निघालेली एस वर्गाची सायकल स्वस्तात मिळाली तर फ्रेम भक्कम असते, पण तिने किती तास खाल्लेत ते कोणी सांगत नाही.

तिथे गेल्यावर सगळ्यात आधी क्रँक. दोन्ही क्रँक हातात धरून आडव्या हलवा, म्हणजे सायकलच्या बाजूला ढकला आणि ओढा. दोन्ही एकदम डुगडुगल्या तर मधलं बॉटम ब्रॅकेट (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्याची बैठक) ढिलं आहे किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. ते बदलता येतं, सायकलवाला भाग आणि मजुरी धरून हजाराच्या आसपास घेईल. एकच क्रँक हलत असेल तर ती चौकोनी दांड्यावर ढिली झाली आहे. टोपी काढून बोल्ट आवळून बघा. आवळूनही हलत असेल तर चौकोन आतून गोल झालाय, ती क्रँक गेली. ढिल्या क्रँकवर तसंच चालवत राहिलं की हे होतं, आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूचंच होतं.

मग पेडल. पाना लावून सोडवून बघा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. आट्याची चकाकी सारखी असावी. क्रँकच्या भोकात धातूचा भुगा किंवा चपटा झालेला आटा दिसला तर पेडल कधीतरी तिरका बसवलेला आहे. असा पेडल आज बसतो, पुढे कधीतरी उभं राहून जोर लावताना निसटतो. पेडल ९/१६ इंचाचा असेल तर साध्या सायकलचा पेडल चालतो, जोडी तीन-पाचशेला मिळते. १/२ इंचाचा असेल तर जरा शोधावं लागतं.

आता बसून चालवा. लेव्हल १ वर कान देऊन ऐका. पेडलच्या एका फेऱ्यात एकदाच टक् झालं तर दोष पेडल, क्रँक किंवा बॉटम ब्रॅकेटमध्ये. एका फेऱ्यात पाच-सात वेळा आवाज आला तर तो फ्लायव्हीलकडून येतोय, कारण चाक तितक्या वेळा फिरतं. सतत घरघर म्हणजे बेअरिंग कोरडं पडलंय. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो दाखवला की दुकानात मिळतं, पण कव्हर उघडण्याची मजुरी जास्त पडते. एक-एक लेव्हल चढवत जा, प्रत्येक पायरीला फरक जाणवला पाहिजे. ३ ते ६ सारखंच लागलं तर केबल ताणली गेलीय किंवा अडकलीय. मग सगळ्यात वरच्या लेव्हलवर उभं राहून जोरात दाबा. पेडल धाडकन सुटून पुढे गेला तर बेल्ट घसरतोय. रिब (लांबीच्या दिशेने उंचवटे) असलेल्या बेल्टवर ४१०जे६ असा काहीतरी नंबर छापलेला असतो : लांबी ४१ इंच, जे प्रकार, ६ रिबा. या जातीचे बेल्ट वॉशिंग मशीनलाही लागतात, त्यामुळे कंपनीचाच हवा असं नाही.

गंज. घामाचं मीठ हँडलवरून खाली पुढच्या खांबाच्या सांध्यात आणि पुढच्या पायात उतरतं. तिथे टॉर्च मारा. वरवरचा तांबूस डाग चालेल, पापुद्रे सुटत असतील किंवा वेल्डला चीर असेल तर नमस्कार करून निघा. सीटपोस्ट (सीटखालची नळी) पूर्ण बाहेर काढून पुन्हा आत घाला. अडकलेली सीटपोस्ट म्हणजे तुमच्या उंचीची सायकल आईंना कधीच खाली करता येणार नाही, आणि तुमच्या घरात हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

साधीगोष्ट

मी जरा विरुद्ध बाजूने लिहिते. वर जे सांगितलं ते ज्याला पाना धरता येतो त्याच्यासाठी ठीक. ज्याला दर वेळी सायकलवाल्याकडे जावं लागणार त्याचा हिशोब वेगळा होतो, कारण जिन्यावरून सायकल खाली नेणं-आणणं त्याच्याच गळ्यात. टेम्पो, हमाली, बॉटम ब्रॅकेट, पेडल धरले तर ६,५०० चे ९,००० सहज होतात. मग नवीशी फरक साडेतीन हजारांचा राहतो आणि त्यात वॉरंटी मिळते.

पण नवी घेताना वॉरंटीचा कागद नीट वाचा. फ्रेमला एक मुदत, सुट्या भागांना दुसरी, आणि पेडल, सीट, पट्टे यांना बहुधा काहीच नाही. तुमच्या पिनकोडला तंत्रज्ञ घरी येतो का, हे घेण्याआधी लेखी विचारा. नाही तर 'व्हिडिओ पाठवा, आम्ही पार्ट पाठवतो' यावरच भागवावं लागतं.

दुसरं, नवी सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेलीच येते आणि तिची वाट पहिल्याच दिवशी लागते. डावा पेडल जबरदस्तीने उजवीकडे आवळला जातो आणि क्रँकचा आटा खातो. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, ते बघून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा, पाना त्यानंतर. सायकलवर बसल्यासारखं धरून पान्याचं वरचं टोक पुढच्या बाजूला ढकललं की दोन्ही पेडल आवळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. उभा खांब बसवताना डिस्प्लेची वायर नळीच्या कडेत चेमटते, तीही आधी पूर्ण आत ढकला. आणि आठवडाभर चालवल्यावर क्रँकचे बोल्ट आणि पेडल पुन्हा आवळा. हे कोणी करत नाही आणि मग 'नवी सायकल महिन्यात टकटक करायला लागली' म्हणून धागे निघतात.

परत पाठवायची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका.

डोंबिवलीकर

सगळ्यांचे आभार. ३ नंबरच्या मालकाने फोटो पाठवले. स्टिकरवर एचसी आणि १२० किलो आहे. लेव्हल नॉबने बदलते, अडॅप्टरचं भोक नाही. डिस्प्लेच्या सेलच्या खणात हिरवट-पांढरं काहीतरी साचलंय. सीट सगळ्यात खाली आणल्यावर आईला पुरेल का, ते कसं कळेल?

पाना_पंधरा

मग काम सोपं आहे. सेल गळून आतल्या पट्ट्या खराब झाल्यात. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर फिरवा, नवे सेल घाला. स्क्रीन उजळली, वेळ चालू झाली पण वेग शून्यच दिसतोय, तर दोष सेन्सरचा. आत पुलीवर छोटा चुंबक असतो आणि त्याच्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा छोटा स्विच), दोघांत काही मिलिमीटरच अंतर हवं. त्याआधी खांबाच्या सांध्यातला वायरचा प्लग काढून पुन्हा घट्ट बसवा, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. काहीच झालं नाही तरी हरकत नाही, साधं घड्याळ पुरेल. डिस्प्लेवरच्या कॅलरीवर तसाही विश्वास ठेवू नका. १०० वॅटने अर्धा तास चालवलं तर शरीर साधारण १८० ते २०० कॅलरी खर्च करतं. सी वर्गाचा मीटर ३०० दाखवून तुम्हाला खूश करेल.

बंद डिस्प्लेच्या नावाखाली ५,००० पासून बोली सुरू करा. क्रँक आणि सीटपोस्ट ठीक निघाले तर साडेपाचला घ्यायला हरकत नाही. क्रँक गेलेली असेल तर १ नंबर घ्या, घासाघीस करत बसू नका.

निवांत_गुडघा

आईंच्या उंचीचं : त्यांना सोबत नेता आलं तर उत्तम, नाही तर घरी मोजा. त्यांना भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं करा, पायांमध्ये पुठ्ठ्याचं जाड पुस्तक वर दाबून धरायला सांगा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. मग सायकलची सीट सगळ्यात खाली करून, क्रँक सीटच्या नळीच्या रेषेत खाली नेऊन, पेडलच्या वरच्या बाजूपासून सीटच्या वरपर्यंत मोजा. सायकलचं माप आईंच्या मापापेक्षा जास्त भरलं तर ती त्यांना उंचच पडणार. बरोबर बसली की नाही ते टाचेने कळतं : पेडल खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट खाली ठेवली की 'सुरक्षित वाटतं', पण गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर भार येतो. दुखणाऱ्या गुडघ्याला ही सगळ्यात नेहमीची चूक. दोघांची सीटच्या उंचीची भोकं वेगळी असतील, तेव्हा सीटपोस्टवर दोन रंगांच्या मार्करने खुणा करून ठेवा. सुरुवात लेव्हल १ वर, मिनिटाला ५०-६० फेरे, पाच ते दहा मिनिटं. मधली दांडी उंच असेल तर चढताना त्यांना धरायला भिंत किंवा खुर्ची हवी.

आवाजासाठी खाली ८-१० मिलिमीटरचा रबर मॅट घाला, फोमची योगा मॅट दबून जाते. चारही पाय टेकत नसतील तर मागच्या पायांच्या टोप्या फिरवून लेव्हल करा, निम्मी खडखड तिथेच थांबते. पावसाळ्यात बाल्कनीत ठेवू नका. व्यायाम झाला की हँडल आणि खांब कोरड्या फडक्याने पुसा. डब्ल्यूडी-४० बोल्टवर चालेल, पण बेल्टच्या आसपास नको.

आणि जिन्यावरून नेताना पेडल आणि हँडल काढून घ्या. फ्लायव्हीलची बाजू जड असते, ती खालच्या माणसाकडे येऊ द्या आणि खाली ताकदीचा माणूस ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरला धरून उचललं तर ते तडकतं, फ्रेमच्या नळीलाच धरा.