मदत हवी आहे: १९६२ ची २३ काचांची फोक्सवॅगन सांबा, खालचा पत्रा किती कापायचा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे फोक्सवॅगनची टाइप २ मायक्रोबस आलीय, दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेची, १९६२ ची, आणि त्यातही डीलक्स म्हणजे जिला सगळे सांबा म्हणतात ती. छताच्या दोन्ही कडांना चार-चार छोट्या काचा, मध्ये कापडी सरकतं छत आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळलेल्या काचा, अशा एकूण २३. पुढे १९६४ च्या मॉडेलपासून मागचं दार रुंद केलं तेव्हा कोपऱ्यातल्या काचा गेल्या आणि २१ उरल्या, म्हणून या गाड्यांच्या मागे लोक इतके लागतात. आणि म्हणूनच साध्या मायक्रोबसचं छत कापून काचा बसवलेल्या नकली सांबाही बऱ्याच फिरतात. माझीची खात्री करून घेतलीय: पुढच्या उजव्या सीटमागे जी छोटी कोडची पट्टी असते ती जागेवर आहे, मॉडेल नंबर २४ ने सुरू होतो, आणि इंजिनच्या कप्प्यात उजवीकडे ठोकलेला चेसिस नंबर कागदांशी जुळतो. तेव्हा तो प्रश्न नाही.

प्रश्न पत्र्याचा आहे. वरचं अंग बघितलं तर विश्वास बसत नाही, लाल आणि बेज-करडा हा कंपनीचा जोडरंग बहुतेक ठिकाणी मूळचाच आहे, उन्हाने पांढुरका पडलाय पण आहे. छत सरळ, पन्हळी ठीक. खाली मात्र वेगळीच गाडी. जॅक लावायच्या जागा गेल्यात, मुख्य लांब दांड्यांपासून बाहेर येणारे आडवे हात डाव्या बाजूला तीन ठिकाणी कुजलेत, मागच्या फरशीखालच्या टोपीसारख्या आडव्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोचलं की आत जातात, आणि बाहेरच्या सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीवर, कधीतरी पुट्टी भरून वर रंग मारलाय. बुडाचे झाकणपत्रे काढेपर्यंत यातलं काहीच दिसत नव्हतं, वरून सगळं छान. मुख्य लांब दांडे दोन्ही शाबूत आहेत, हातोडीने ठोकून ठोकून बघितले, आवाज भरीव येतो.

ज्या दोन जाणकारांना दाखवली त्यांचं म्हणणं, खालचं सगळंच कापा, फरशी, सिल, हात, सगळे पत्रे नवे तयार मिळतात, मग अख्खी गाडी सँडब्लास्ट करून नवा रंग मारा, चकाचक होईल. मला ते पटत नाही. चकाचक सांबा जगात पुष्कळ आहेत, मूळ रंगातली किती उरलीत? एकदा ब्लास्ट केली की तो रंग परत कुणी आणून देणार नाही. पण गाडी रस्त्यावर चालवायचीय, माणसं बसवायचीत, त्यामुळे कुजलेल्या पत्र्यावर प्रेम करूनही चालणार नाही हेही कळतं.

तर माझे प्रश्न असे. फरशीचा पत्रा वरून धड आहे, फक्त खालच्या टोपी-पट्ट्या गेल्यात, तर फरशी न काढता नुसत्या पट्ट्या बदलता येतात का, की वेल्डिंग धड बसत नाही? सिल कापताना दारांची फट बिघडू नये म्हणून आधार कुठे कुठे द्यायचा? खाली नवा पत्रा लागला की तिथे नवा रंग येणारच, मग तो वरच्या जुन्या रंगाशी जुळवायचा कसा? आणि चौथा, इंजिन. मूळचं १२०० सीसी, ३४ अश्वशक्तीचं होतं, ते गेलंय, आता १६०० बसवलेलं आहे पण वायरिंग अजून ६ व्होल्टचं आहे आणि स्टार्टर फिरवला की दात घासल्याचा भयंकर आवाज येतो. बंद करून ठेवलंय तेव्हापासून.

फोटो संध्याकाळी टाकते.

—

प्रतिसाद १

आधी अभिनंदन, आणि ब्लास्टिंगला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. मोठ्या सपाट पत्र्यावर वाळूचा मारा बसला की पत्रा लाटा घेतो, मग सगळं पुट्टीने भरायची वेळ येते, शिवाय वाळू सांध्यांत शिरते आणि वर्षानुवर्षं निघत राहते.

आधाराबद्दल. या गाडीला वेगळी चेसिस नाही, दांडे, हात, फरशी, सिल हे सगळं मिळून ताकद देतं, म्हणून दोन्ही बाजूंचं सिल एकाच वेळी अजिबात कापू नका. गाडी सपाट जमिनीवर मुख्य दांड्यांखाली स्टँड देऊन लेव्हल करा, जॅकच्या जागांवर वजन नको, त्या तर गेल्याच आहेत. दारांच्या चौकटीत आतून चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाका, दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. बाजूची दुहेरी दारं काढू नका, बिजागरीवर बंद ठेवा आणि थोडं काम झालं की फट बघत राहा. क्रम म्हणाल तर आधी आडवे हात आणि जॅकच्या जागा, मग टोपी-पट्ट्या, मग आतलं सिल, बाहेरचं सिल सगळ्यात शेवटी.

टोपी-पट्ट्या फरशी न काढता बदलता येतात, पण उताणं झोपून डोक्यावर वेल्डिंग करावं लागतं आणि ते कुणालाच नीट जमत नाही. गाडी आडवी फिरवायचा सांगाडा मिळाला तर तो वापरा, मात्र आधार घट्ट बसवल्यावरच फिरवायची. जुने स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवा, नव्या पट्टीला भोकं पाडून त्यातून टाके भरा, आणि दोन पत्रे एकमेकांवर येणार तिथे आधी जस्ताचा प्रायमर. थोडं थोडं वेल्ड करून थंड होऊ द्या, नाहीतर वरचा रंग जळेल, जो तुम्हाला वाचवायचाय.

—

प्रतिसाद २

इंजिनाबद्दल. स्टार्टर ज्या जड दातेरी चकतीला फिरवतो ते फ्लायव्हील, ६ व्होल्टच्याला १०९ दात असतात, १२ व्होल्टच्याला १३०. तुम्ही लिहिलेल्या स्टार्टरच्या आवाजावरून मला वाटतं १६०० सोबत १३० दातांचं फ्लायव्हील आलंय आणि स्टार्टर जुनाच आहे. इंजिन उतरवा, दात मोजा, मग ठरवा. १३० वालं ठेवायचं तर गिअरबॉक्सच्या तोंडाचं कवच आतून घासावं लागतं, आणि मूळ गाडी जपायची असेल तर मी तरी ते करणार नाही. जमलं तर त्या काळचं १२०० चं इंजिनच शोधा.

गिअरबॉक्स बदलायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. या बसच्या मागच्या चाकांजवळ रिडक्शन गिअर, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर असतात, क्यूबेलवॅगन या फोक्सवॅगनच्याच युद्धकाळातल्या लष्करी गाडीची पद्धत, त्याने फिरण्याची दिशा उलटते. बीटलचा गिअरबॉक्स जसाच्या तसा बसवला तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार मिळतात. हे कुणीही विकताना सांगत नाही. त्या रिडक्शनच्या डब्यांत वेगळं तेल असतं, तेही बघा, बहुतेक वेळा कोरडे असतात.

आणि कृपया सुरू करायच्या आधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. या इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, पेट घेतला तर साध्या उपायांनी विझत नाही. इंजिन उतरवणारच आहात तर टाकीही बाहेर काढून आतून तपासा. ब्रेकचं सर्किट एकच आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, तेव्हा जुनी नळी एकही ठेवू नका.

—

प्रतिसाद ३

रंगासाठी: आधी नुसतं सौम्य साबणाने धुवा, मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात हाताने हलकं पॉलिश करून बघा, मशीन नको, कडांवर रंग पातळ असतो आणि क्षणात प्रायमर दिसतो. गंजाचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने निघतात, हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाणी. नवा रंग डब्यावरच्या कोडवरून जुळवू नका, तो नव्या गाडीचा रंग होईल. दरवाजाच्या आत सावलीत राहिलेला भाग आणि बाहेरचा उन्हाचा भाग, दोन्हींशी ताडून बाहेरच्याच्या जवळ जाणारा बनवून घ्या. फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ट्युरिन चार्टर वाचलं नसेल तर वाचा, जपणं आधी आणि रिस्टोरेशन नंतर हा तुमचाच मुद्दा त्यात आहे.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप स्पष्ट झालं. फ्लायव्हीलचे दात मोजले, १३० च आहेत. आता १२०० च्या इंजिनाच्या मागे लागते, कवच घासणार नाही. डाव्या बाजूने सुरुवात करतेय, फरशी वरून तशीच ठेवून.

एक राहिलं. छताच्या काचांची रबरं दगडासारखी झालीत, काढताना छताची कड वाकायची भीती वाटते. आतून कापून काढायची की बाहेरून? आणि त्या खोबणीत गंज दिसला तर काच परत बसवायच्या आधी तिथे काय लावता? ज्यांनी स्वतः काढल्यात त्यांनी लिहा प्लीज, तोपर्यंत मी छताला हात लावत नाही.