शब्दचर्चा: 'अपेक्षित मूल्य', जोखीम आणि अनिश्चितता

कर्कटक:
इंजिनिअरिंगच्या पोरांना इकॉनॉमिक्स शिकवताना एक्स्पेक्टेड व्हॅल्यूला मराठीत काय म्हणता? पुस्तकात 'अपेक्षित मूल्य' आहे पण ते ऐकलं की पोरांना वाटतं एवढे पैसे मिळायची अपेक्षा आहे. साधं उदाहरण घ्या. मोठा प्लांट टाकला आणि मागणी चांगली निघाली तर १०० लाख फायदा, मागणी पडली तर ५० लाख तोटा. छोटा टाकला तर ३० किंवा १०, म्हणजे काहीही झालं तरी फायदाच. चांगल्या मागणीची शक्यता ६० टक्के धरली आणि प्रत्येक आकड्याला त्याच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर मोठ्याचं उत्तर ४० येतं, छोट्याचं २२. आता हे ४० लाख कुणाच्या हातात कधीच पडणार नाहीयेत, एकतर १०० येतील नाहीतर ५० जातील, तरी पेपरात बिनधास्त लिहितात 'कंपनीला ४० लाख मिळतील'.

उंबरठा:
भारित सरासरी म्हणा की सरळ.

सावळागोंधळ:
भारित म्हटलं की सिव्हिलवाले बीमवरचा लोड काढायला बसतील :) शब्द बरोबर आहे पण. मला वाटतं खरी गोची त्या ६० टक्क्यांत आहे, ते आले कुठून हे कुणी विचारतच नाही, सरांनी फळ्यावर लिहिले म्हणजे आहेत. बेअरिंग किती तासांनी जातं याचा जुना डेटा असतो, तिथे टक्केवारीला अर्थ आहे. एकदम नवीन प्रॉडक्टची मागणी किती निघेल याला कसला डेटा? अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइटने १९२१ मध्येच हे दोन वेगळे केलेत, शक्यता मोजता येते ती रिस्क, येत नाही ती अनसर्टन्टी. मराठीत आपण दोन्हीला 'धोका' म्हणून मोकळे होतो.

उंबरठा:
धोका तर नकोच, त्यात नुसतं वाईटच येतं, फायदा जास्त व्हायची शक्यता कुठे गेली मग. जोखीम आणि अनिश्चितता हेच ठेवा. व्युत्पत्ती काय असेल ती असो, पण 'जोखता येते ती जोखीम' असं एकदा सांगितलं की पोरं विसरत नाहीत.

कर्कटक:
जोखता येते ती जोखीम, हे घेतलं! मग शक्यता माहीतच नसेल तेव्हाचे नियम कसे सांगता? मॅक्सिमिनचं ठीक आहे, वाईटात वाईट काय होईल ते बघायचं आणि त्यातलं बरं उचलायचं, म्हणजे छोटा प्लांट. पण संख्याशास्त्रज्ञ सॅव्हेजच्या नियमातल्या रिग्रेटला, म्हणजे चांगला पर्याय हुकल्यामुळे जेवढं गमावलं त्याला, 'पश्चात्ताप' म्हटलं की वर्ग हसतो.

सावळागोंधळ:
हळहळ म्हणा. पश्चात्ताप पाप केल्यावर होतो, हळहळ संधी हुकल्यावर. छोटा टाकला आणि मागणी वाढली तर ७० ची हळहळ, मोठा टाकला आणि मागणी पडली तर ६० ची, कारण छोटा असता तर १० तरी मिळाले असते. कमीत कमी हळहळ बघायची तर मोठा प्लांट येतो. म्हणजे आकडे तेच, नियम बदलला की उत्तर उलटं, आणि बरोबर उत्तर एकच असतं या सवयीच्या पोरांना हेच पचत नाही. मी तर तिथे जास्त वेळ घालवतो, सूत्रं काय ती वाचतात घरी.

उंबरठा:
त्यापेक्षा प्रश्नच उलटा विचारा ना, शक्यता किती असली की निर्णय बदलतो? तुमच्या आकड्यांत ती साधारण ४६ टक्के येते. मग ६० खरे का ५५ खरे हा वाद घालायची गरजच नाही, ४६ च्या वर आहे एवढी खात्री असली की झालं. याला मी 'पलटबिंदू' म्हणते, पुस्तकात कुठे नाहीये.

कर्कटक:
पलटबिंदू मस्त. आणि मार्केट सर्व्हेवर किती खर्च करावा ते, व्हॅल्यू ऑफ इन्फर्मेशन?

उंबरठा:
माहितीचं मोल. मागणी आधीच पक्की कळली असती तर चांगलीला मोठा, पडलीला छोटा टाकून सरासरी ६४ पडले असते, आत्ता ४० पडतायत, म्हणून सर्व्हेला २४ लाखांच्या वर एक पैसा द्यायचा नाही. तेही सर्व्हे शंभर टक्के खरा निघणार असेल तर, तसा कुठला निघतो.