मदत हवी आहे: एका बैठकीत एकच कलाकार, एकच गाणं. फोक आणि इंडीमधलं कुणाचं ऐकवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून गाणी ऐकतो. दर वेळी एकाची पाळी असते आणि ज्याची पाळी असेल त्याने बाकीच्यांनी न ऐकलेला एक कलाकार आणायचा. पुढच्या तीन बैठका माझ्याकडे आहेत. विषय ठरलाय फोक (लोकसंगीताच्या वळणाची गाणी) आणि इंडी (मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं स्वतंत्र संगीत). त्यासाठी नावं हवी आहेत, पण मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मी नेमकं काय मागतेय ते कळेल.

मागच्या पाळीला मी निक ड्रेक हा इंग्लिश गायक-गिटारवादक नेला होता. गेली दोन वर्षं तो माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. १९६९ ते १९७२ या काळात तीन अल्बम, हयातीत विक्री जेमतेम, आणि १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी मृत्यू. हे सगळं मी आधी सांगितलं, जीव ओतून सांगितलं, आणि मग ‘पिंक मून’ लावलं. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. संपल्यावर एक जण म्हणाला, "बिचारा!" दुसरी म्हणाली, "आवाजातच कळतं, नाही?" त्यानंतर अर्धा तास आम्ही त्याच्या मरणाबद्दल बोलत होतो. गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

घरी आल्यावर तेच गाणं पुन्हा लावलं आणि फार वाईट वाटलं. कारण मला तरी ते गाणं उदास वाटत नाही. त्यातली गिटार चक्क डोलत असते. मध्यावर पियानोचे मोजके स्वर येतात आणि निघून जातात. याच नावाच्या अख्ख्या अल्बममध्ये गिटार आणि गळा यांच्याखेरीज ऐकू येणारं वाद्य तेवढंच. ११ गाण्यांचा हा अल्बम १९७१ च्या ऑक्टोबरात दोन रात्रींत रेकॉर्ड झाला. मी पियानोची ती जागा दाखवायला हवी होती. ‘आता येईल, ऐका’ एवढंच म्हणायचं होतं.

मी गिटार शिकते. हे गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (तारा लावण्याच्या पद्धतीत) वाजवायचा महिनाभर प्रयत्न केला. सूर बरोबर यायचे, पण तो घुमारा काही येईना. मग कळलं की त्याने गिटारच वेगळी लावलीय: सहाव्या, जाड तारेपासून पहिलीपर्यंत सी, जी, सी, एफ, सी, ई. सहावी तार ई वरून थेट सी पर्यंत उतरवायची. ती इतकी सैल पडते की छेडल्यावर थरथरताना डोळ्यांना दिसते, आणि जरा जोर लागला तर फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते. पाचवी, चौथी आणि तिसरी एकेक पूर्ण स्वर खाली, दुसरी मात्र अर्धा स्वर वर. जागेवर राहते ती फक्त पहिली. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तारांवरून नुसता अंगठा फिरवला आणि अंगावर काटा आला. महिनाभर जे बोटांत शोधत होते ते तारांच्या लावण्यात होतं.

तर मला अशा शिफारशी हव्या आहेत. कलाकाराचं नाव, एकच गाणं, आणि त्या गाण्यात कान कुठे द्यायचा ते. चरित्र नंतर. वाद्यं एक-दोनच असतील तर उत्तम. भाषा कुठलीही चालेल, पण आमच्यातल्या एकाला शब्द कळल्याशिवाय गाणं भावत नाही, त्याचाही विचार करायचा आहे. तिघांपैकी किमान एक जण आज गाणारा-वाजवणारा असावा, कारण आवडला तर त्याचा अल्बम आम्ही सगळे विकत घेतो.

कृपया चाळीस नावांची यादी देऊ नका. तशा याद्या ॲप रोज देतं. एका कुजबुजत्या आवाजानंतर दुसरा कुजबुजता आवाज, आणि तासाभराने कोण कुठला हेच आठवत नाही.

प्रतिसाद १

चरित्र आधी नको, याला शंभर टक्के अनुमोदन.

निक ड्रेकच्या गिटारने वेड लावलं असेल तर एक पायरी मागे जा. इंग्लिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम, धून ‘अँजी’, १९६२. यात गाणं नाहीच, एकटी गिटार आहे. कान कुठे द्यायचा? अंगठ्याकडे. खालच्या तारांवर अंगठा एकेक पायरी उतरत जातो, तेच ते उतरणं पुन्हा पुन्हा, आणि त्याच वेळी वरच्या तारांवर बोटं वेगळंच बोलत असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन गिटार वाटतात. आधी काही न सांगता ऐकवा, मग विचारा किती जण वाजवतायत.

तारा वेगळ्या लावायचा नाद ज्यांना आहे त्यांना डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग माहीत असतंच. ते गिटारवाल्यांत रुजवलं याच माणसाने. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची, बस. तुम्ही शिकताय म्हणून सांगतो, सीवाल्या ट्यूनिंगपेक्षा हे हाताला लवकर बसतं आणि तार आपटतही नाही.

प्रतिसाद २

इंग्लिश गायिका व्हॅश्टी बन्यन. गाणं ‘डायमंड डे’, १९७० चं, दोन मिनिटांच्या आत संपतं. कान द्यायचा तो आवाजाच्या कडेला. स्वराला कुठेही कंप नाही, जोर नाही. समोर कुणी बसलंय हे तिला माहीतच नसावं असं गाते. घरात काम करता करता माणूस स्वतःशी गुणगुणतो, तसा तो आवाज आहे. निक ड्रेकशी धागाही जुळतो, कारण दोघांचा निर्माता एकच, जो बॉइड (Joe Boyd), आणि वाद्यमेळ बांधणाऱ्यांतही निक ड्रेकचाच रॉबर्ट कर्बी आहे.

गोष्ट सांगायचा मोह होईल, कारण गोष्ट मोठीच आहे. पहिल्या अल्बमनंतर दुसरा यायला ३५ वर्षं लागली. पण ती गाणं संपल्यावर सांगा, आणि लगेच २००५ च्या त्या दुसऱ्या अल्बममधलं काहीतरी लावा. आवाज जवळजवळ तसाच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. ‘अँजी’ आत्ताच चार वेळा ऐकली. अंगठा सापडला! चौथ्या वेळी बोटं बाजूला ठेवून नुसता अंगठाच ऐकता आला.

प्रतिसाद ३

इंग्रजीच्या बाहेर पडा, असा आग्रह करतो. शब्द लागतातच अशा मित्राचा प्रश्न मला वेगळ्या बाजूने सुटताना दिसतो. अर्धवट कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकवलं की तो शब्द शोधत बसतो आणि सूर निसटतात. म्हणून जिथे शब्द जवळपास नाहीतच, तिथून सुरुवात करा.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे दोन वादक. गिटारवर अली फार्का तुरे आणि कोरा या तंतुवाद्यावर तुमानी जाबाते. अल्बम ‘इन द हार्ट ऑफ द मून’, २००५. त्यातलं पहिलंच, ‘देबे’.

कोरा बहुतेकांना माहीत नसेल म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, त्यातून वर गेलेली लांब दांडी आणि २१ तारा. तारा सतारीसारख्या आडव्या पसरलेल्या नसतात, दोन उभ्या रांगा असतात आणि वादक वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो. वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, एवढीच बोटं. बाकीची वाद्य धरण्यात गुंतलेली. म्हणजे चार बोटांत खालचा ठेकाही आला, मधली भरणीही आली आणि वरून कोसळणाऱ्या ताना पण आल्या. एकट्या कोऱ्याची ताकद कळायला तुमानीचाच १९८८ चा ‘कैरा’ ऐका. सबंध अल्बम एकट्याचा, वरून चढवलेला दुसरा थर नाही.

आता ‘देबे’मध्ये कान कुठे? गिटारकडे. सगळ्यांचं लक्ष कोऱ्याच्या तानांकडे जाईल, ते जाऊ द्या. पण अली काय करतोय ते बघा. तो जवळजवळ एकाच जागी फिरत राहतो, घाई नाही, दाखवायची हौस नाही. तुमानीची लांब तान उतरते तेव्हा त्याची गिटार खाली हात धरून उभी असल्यासारखी वाटते. दोघे वेगवेगळ्या परंपरेतले, मालीची राजधानी बामाकोमध्ये नायजर नदीकाठच्या एका हॉटेलात त्यांनी हे रेकॉर्ड केलं, तेही फारशी तालीम न करता. दोघांचा एकमेकांवर किती विश्वास होता ते ऐकू येतं. अली २००६ मध्ये गेला, तुमानी २०२४ मध्ये. पण हे शेवटी सांगा, किंवा सांगूच नका.

प्रतिसाद ४

मी थोडी असहमत आहे. गोष्ट नेहमीच आड येते असं नाही. काही वेळा गोष्ट आवाजातच भिनलेली असते, आणि ती लपवली तर गाणं अर्धंच पोचतं.

शर्ली कॉलिन्सचं उदाहरण देते. इंग्लंडची जुनी लोकगीतं गाणारी बाई. ‘डेथ अँड द लेडी’ हे पारंपरिक गीत तिने दोनदा रेकॉर्ड केलं. एकदा बहीण डॉलीबरोबर १९७० मध्ये, आणि मग २०१६ मध्ये ‘लोडस्टार’ अल्बमवर. एका बाईला वाटेत मृत्यू भेटतो, ती त्याला सोनंनाणं देऊ करते, थोडा अवधी मागते, तो नाही म्हणतो. एवढंच कथानक. शब्द लागणाऱ्या तुमच्या मित्राला हे पाच वाक्यांत आधी सांगून टाका, त्याचं काम झालं.

मग आधी १९७० चं लावा. आवाज स्वच्छ, सरळ, नाटकीपणाचा लवलेश नाही. ती बाजू न घेता नुसती हकीकत सांगते, पोवाड्यातल्या आवेशाच्या अगदी उलट टोक. त्यानंतर लगेच २०१६ चं. तो आवाज खाली उतरलाय, खरखरीत झालाय, आणि कथा तीच. पहिल्या वेळी तिने बातमी आणली होती. दुसऱ्या वेळी ती स्वतः त्या वाटेवर उभी आहे. मधल्या काळात तिचा आवाज गेला होता, ३८ वर्षं तिचा एकही नवा अल्बम आला नव्हता. हे दोन्ही ऐकून झाल्यावर सांगा, पण सांगाच. इथे चरित्र म्हणजे दया दाखवण्याचं निमित्त नाही, त्याने ऐकणं पूर्ण होतं.

आणि आज वाजवणारं कुणी हवं असेल तर डब्लिनचा लँकम हा गट. ‘फॉल्स लँकम’, २०२३, त्यातलं पहिलं ‘गो डिग माय ग्रेव्ह’. सुरुवातीला गटातली गायिका रेडी पीट हिचा एकटा, उघडा आवाज. मग खालून एक अखंड स्वर धरला जातो, तंबोऱ्यासारखा, पण तंबोरा आधार देतो आणि हा हळूहळू भिंतीसारखा अंगावर येतो. आठ मिनिटांहून मोठं आहे, मध्ये कुणालाही बोलू देऊ नका. सहापैकी दोघांना आवडणार नाही, त्याची तयारी ठेवा. तरी ऐकवा.

प्रतिसाद ५

हयात आणि इंडी दोन्ही हवं असेल तर एड्रियन लेंकर. बिग थीफ या बँडची गायिका, पण तिचा २०२० चा एकटीचा अल्बम घ्या, नाव नुसतं ‘साँग्स’. एका खोलीच्या लाकडी घरात टेपवर रेकॉर्ड केलाय. ‘एनीथिंग’ लावा आणि हेडफोनऐवजी स्पीकरवर लावा. गिटारच्या लाकडाचा आवाज येतो, तार सोडताना बोट निसटतं तोही येतो. ज्यांनी मागच्या वेळी निक ड्रेकला ‘बिचारा’ म्हटलं त्यांना हिच्यामार्गे परत त्याच्याकडे नेता येईल.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, पहिली बैठक होऊन गेली.

‘देबे’ लावलं. आधी एवढंच सांगितलं की दोन वाद्यं आहेत, त्यातली गिटार कुठली ते ओळखा आणि ती काय करते ते बघा. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शब्द लागतात तोच मित्र म्हणाला, "गिटारवाला ऐकतोय. वाजवतोय कमी, ऐकतोय जास्त." आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तो डोळे मिटून बसला होता. तिसऱ्यांदाही लावलं. कोऱ्याच्या २१ तारा आणि चार बोटांचं सांगितलं ते त्यानंतर, तर एकीला खरंच वाटेना. कलाकार कोण, कुठले, हयात आहेत का, हे मला कुणी विचारलंच नाही. निघताना एकाने अल्बमचं नाव लिहून घेतलं.

प्रतिसाद ४ लिहिणाऱ्या ताई, तुमचं म्हणणं पटलं. पुढच्या महिन्यात शर्ली कॉलिन्सची दोन्ही गाणी, तुम्ही सांगितलेल्याच क्रमाने. कथानक आधी, आयुष्य नंतर. तिसऱ्या बैठकीसाठी लँकम की एड्रियन लेंकर, हे अजून ठरत नाहीये. शर्ली कॉलिन्सच्या पाठोपाठ लँकम म्हणजे सलग दोनदा मरणाची गाणी होतील, म्हणून मन लेंकरकडे झुकतंय. पण तो भिंतीसारखा येणारा स्वर मी काल रात्री अंधारात ऐकला आणि तो बाकीच्यांना ऐकवल्याशिवाय चैन पडणार नाही.

लँकमचं एखादं गाणं असं आहे का, ज्यात तो अखंड स्वर तसाच आहे पण विषय मरणाचा नाही? माहीत असेल तर सांगा, आणि कितव्या मिनिटाला कान द्यायचा तेही.