थेरेसा मेंना हटवता का येत नव्हतं? लेकीचा प्रश्न आणि माझ्या पत्रातली तारीख

रात्रपाळी_मालाड

मंडळी, प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे. ती टी.वाय.ला राज्यशास्त्र घेऊन बसलीय. तोंडी परीक्षेसाठी तिच्या वाट्याला ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या काळातली, पंतप्रधान थेरेसा मे यांच्या नेतृत्वाची भानगड आलीय. घरात ब्रेक्झिट जवळून पाहिलेला माणूस मी एकटाच, असा तिचा समज. जवळून म्हणजे किती, तर मालाडच्या माइंडस्पेसमध्ये बसून एका ब्रिटिश विमा कंपनीच्या मोटार पॉलिसीचं काम करायचो. यूके शिफ्ट, दुपारी दीड ते रात्री साडेदहा. लंडन अजून पाहिलेलं नाही.

आमच्याकडे ग्राहकांना पाठवायचं एक पत्र होतं. करार न होताच ब्रिटन बाहेर पडलं, तर फ्रान्स-स्पेनला गाडी नेताना ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीचा विमा असल्याचा दाखला, लागेल, एवढाच मजकूर. कार्ड खरोखर हिरव्या कागदावर छापायचं, तसा नियमच होता. पत्रात तारीख होती २९ मार्च २०१९. ती झाली १२ एप्रिल. मग ३१ ऑक्टोबर. मग ३१ जानेवारी २०२०. दर वेळी चेंज रिक्वेस्ट टाका, तिकडच्या कम्प्लायन्सवाल्यांची मंजुरी आणा, टेस्ट प्रिंट काढा, मग लाइव्ह करा. ऑक्टोबरच्या खेपेला मी वरची तारीख बदलली आणि तळटीपेतली विसरलो. एकाच पत्रात वर ३१ ऑक्टोबर, खाली १२ एप्रिल. टेस्ट प्रिंटमध्ये सापडलं म्हणून वाचलो. तरी तिकडच्या बाईंचा मेल आला, की तुमचं पत्र आमच्या पार्लमेंटपेक्षा गोंधळलेलं दिसतंय. तो मेल मी बरेच दिवस जपून ठेवला होता.

आता मुद्दा. १५ जानेवारी २०१९, मंगळवार. घरी येऊन जेवलो, बायको झोपली आणि मी मोबाइलवर आवाज बारीक करून ब्रिटिश संसदेतलं मतदान लाइव्ह बघत बसलो. आपले रात्रीचे एक वाजून गेल्यावर निकाल लागला. मेबाईंनी युरोपीय संघाशी केलेल्या बाहेर पडण्याच्या कराराच्या बाजूने २०२, विरोधात ४३२. त्यात त्यांच्याच पक्षाचे ११८. म्हटलं, संपलं, उद्या सरकार गेलं. दुसऱ्या दिवशी टीमलीडला विचारलं, तारखेचं काय करू? तो म्हणाला, थांब, आज अविश्वास ठराव आहे. त्या रात्री सरकार ३२५ विरुद्ध ३०६ ने वाचलं. मंगळवारी पाडणारे तेच ११८ जण बुधवारी वाचवायला हजर!

त्याआधी महिनाभरच पक्षात मतदान झालं होतं, २०० विरुद्ध ११७. एकशे सतरा जण म्हणतात ‘ही बाई नको’ आणि सकाळी तिच्याच मागच्या बाकांवर येऊन बसतात. आपल्याकडे एवढं झालं असतं तर रातोरात बसेस निघाल्या असत्या. २०१९ च्याच नोव्हेंबरात आमच्या मढच्या हॉटेलात आमदार आणून ठेवले होते, आठवतंय ना?

तर लेकीचा प्रश्न असा: एवढे लोक विरोधात असताना त्यांना हटवता का आलं नाही, आणि न हटवता शेवटी त्या गेल्या कशा? माझा उपप्रश्न: त्या ११८ जणांची खासदारकी शाबूत कशी राहिली? विकिपीडियाची लिंक कृपया देऊ नका, ती तिने वाचलीय.

चहा_कमी_साखर

वाचतोय. त्या मेलवाल्या बाईंना माझा नमस्कार कळवा.

पार्ल्याचा_पेन्शनर

रात्रपाळी, तुम्ही दोन वेगळी मतदानं एकाच पातेल्यात शिजवलीत. सगळा घोळ तिथेच आहे. निवृत्तीनंतर मला त्या सभागृहाचं व्यसनच लागलं होतं. सभापती बर्को ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडायला लागले की सौ. स्वयंपाकघरातून म्हणायच्या, लागलं का तुमचं भजन. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

१२ डिसेंबर २०१८ चं २०० विरुद्ध ११७ हे सभागृहातलं मतदान नव्हे. ते मेबाईंच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांचं आपसातलं, गुप्त. तिथे मागच्या बाकांवरच्या खासदारांची १९२२ कमिटी म्हणून एक समिती आहे. नावात १९२२ असलं तरी स्थापना १९२३ ची. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी समितीच्या अध्यक्षाला ‘नेत्यावर विश्वास नाही’ असं पत्र दिलं की तेव्हा मतदान घ्यावंच लागायचं. तेव्हा तो आकडा ४८ होता. गंमत अशी की किती पत्रं आली हे एकट्या अध्यक्षालाच ठाऊक. ग्रेअम ब्रेडी नावाचे गृहस्थ होते, ते शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नसत. चाळीच्या भिशीत कोणी पैसे भरले आणि कोणी नाही, हे एकट्या खजिनदाराला माहीत असावं, तसं. बारा तारखेला सकाळी त्यांनी जाहीर केलं की आकडा गाठला, आणि संध्याकाळीच मतदान. आधी पक्षातून निलंबित झालेल्या दोन खासदारांना तर त्याच दिवशी परत घेतलं, मत देता यावं म्हणून. निकाल आपल्याकडे रात्री अडीचला. मी जागा होतो.

आता तुमच्या लेकीचं उत्तर. नियम असा होता की नेता एकदा तरला की वर्षभर पुन्हा आव्हान देता येत नाही. कडव्या ब्रेक्झिटवाल्यांनी घाई केली. महिनाभर थांबून १५ जानेवारीच्या पराभवानंतर पत्रं पुरी केली असती, तर बाई बहुधा त्याच आठवड्यात गेल्या असत्या. यांनी आधीच हात दाखवून अवलक्षण केलं. मग सभागृहात तोच करार पुन्हा आणून १२ मार्चला त्या १४९ मतांनी हरल्या, २९ मार्चला ५८ मतांनी हरल्या, आणि तरी पक्षाचे हात नियमाने बांधलेले.

बुधवारचा अविश्वास मात्र सभागृहातला. तो आणला विरोधी नेते कॉर्बिन यांनी. हुजूर पक्षातल्या बंडखोरांना मेबाईंचा करार नको होता, पण कॉर्बिन तर स्वप्नातही नको होते. करार पाडला तर फक्त करार पडतो, सरकार पाडलं तर निवडणूक येते. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाचंही तेच. २०१७ मध्ये बाईंनी हौसेने मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि बहुमत घालवून ३१७ वर आल्या. तेव्हापासून सरकार डीयूपीच्या १० खासदारांवर उभं होतं. त्यांनी मंगळवारी कराराला लाथ मारली आणि बुधवारी सरकारला खांदा दिला.

जाता जाता एक. त्या मंगळवारी मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दीक बाळंतपणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलून व्हीलचेअरवरून मत द्यायला आल्या होत्या. तिथे मत म्हणजे बटण दाबणं नाही. सभागृहाच्या दोन बाजूंना दोन मार्गिका, एक होय वाल्यांची आणि एक नाही वाल्यांची, त्यातून चालत जायचं आणि तुमची डोकी मोजायची. घरून मत देण्याची सोयच नव्हती.

अंधेरी_फास्ट

आजोबा, सरकार पडलं असतं तर निवडणूक, हे एवढं सरळ नव्हतं. मी फोर्टात वकिली करते, म्हणून हे बोचलं. तेव्हा २०११ चा मुदतबंद संसदेचा कायदा लागू होता. अविश्वास संमत झाल्यावर १४ दिवस मिळायचे. तेवढ्यात दुसऱ्या कोणी विश्वास मिळवला तर निवडणूक नाही. आणि पंतप्रधानाला स्वतःहून निवडणूक हवी असेल तर एकूण जागांच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ मतं. मेबाईंनंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन पुढे तिथेच तीनदा आपटले.

उपप्रश्नाचं उत्तर मी देते, कारण आपली गंमत त्यातच आहे. आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आहे. पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मत दिलंत, आधी परवानगी नव्हती आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर तुमची सदस्यता जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे एकटा-दुकटा बंड करत नाही. करायचं तर घाऊक, कायद्याच्या फटीत बसेल एवढा आकडा जमवून. तुमच्या बसेस त्यासाठी असतात. सगळे एकत्र राहायला हवेत, नाहीतर आकडा मोडतो.

ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. तिथे ‘व्हिप काढून घेतला’ म्हणजे पक्षाने तुम्हाला संसदीय गटाबाहेर काढलं. खासदारकी तुमचीच. ३ सप्टेंबर २०१९ ला फिलिप ली नावाचे खासदार जॉन्सन भाषण करत असताना उठले आणि समोरच्या बाकांवर लिबरल डेमोक्रॅट्समध्ये जाऊन बसले. सरकारचं बहुमत तिथल्या तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. त्याच रात्री २१ जणांनी विरोधात मत दिलं आणि २१ जणांचा व्हिप गेला. त्यात दोन माजी अर्थमंत्री आणि चर्चिलचे नातू निकोलस सोम्स. दुसऱ्या दिवशी सगळे खासदार म्हणून आत. पुढे ऑक्टोबरअखेर निवडणूक ठरताच त्यातल्या दहा जणांना जॉन्सननी परतही घेतलं. आपल्याकडे सभापतींपुढची सुनावणी, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि तोवर विधानसभेची मुदत संपत आलेली.

गोरेगाव_पूर्व

ब्रिटिशांचं कौतुक पुरे आता. मेबाई गेल्यावर पंतप्रधान कोणी निवडला ते पण सांगा की लेकीला. जून २०१९ मध्ये दहा उमेदवार. खासदारांनी गाळत गाळत दोन ठेवले. शेवटच्या फेरीत हंट ७७, गोव्ह ७५, म्हणजे दोन मतांनी गोव्ह बाद. मग जॉन्सन की हंट, हे ठरवलं पक्षाच्या वर्गणीदार सभासदांनी. ९२,१५३ विरुद्ध ४६,६५६. मतदार सगळे मिळून सुमारे १ लाख ६० हजार. मुंबईतल्या कुठल्याही एका विधानसभा मतदारसंघात याहून जास्त मतदार असतात. तेवढ्या लोकांनी साडेसहा कोटींच्या देशाला पंतप्रधान दिला. २०२२ मध्ये पुन्हा तसंच. खासदारांची पहिली पसंती सुनक, सभासदांनी आणल्या ट्रस. सहा सप्टेंबरला आल्या, पंचवीस ऑक्टोबरला गेल्या. गणपतीत बसलेला माणूस दिवाळीला घरी.

पार्ल्याचा_पेन्शनर

हे मात्र खरं. आणि हे दुखणं एकट्या हुजूर पक्षाचं नाही. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमताच्या निकालानंतर मजूर पक्षाच्या खासदारांनी कॉर्बिनवर अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४०. चारांतले तीन विरोधात! गृहस्थ हलले नाहीत. म्हणाले, मला सभासदांनी निवडलंय. सप्टेंबरात पुन्हा निवडणूक झाली आणि ६१.८ टक्के घेऊन परत आले. खासदारांना नेता नको, सभासदांना तोच हवा, आणि मतदार तिसरीकडेच बघतोय. ब्रेक्झिटमध्ये हे तिन्ही धागे एकमेकांत अडकले.

‘मग त्या गेल्या कशा’ याचं उत्तर राहिलं होतं. मार्चच्या शेवटी त्यांनी पक्षाला सांगितलं, करार संमत करा, मी जाते. त्यावर जॉन्सनसुद्धा फिरले आणि बाजूने मत दिलं. तरी करार पडलाच. बाहेर पडणं लांबल्यामुळे ब्रिटनला मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक लढवावी लागली. ज्या घरातून निघालोय त्याच घराच्या सोसायटीची निवडणूक! फराज यांच्या नव्या ब्रेक्झिट पार्टीला २९ जागा, हुजूर पक्ष पाचवा. वर्षभराचं अभय देणारा नियमच बदलायचा का, अशी कुजबुज समितीत आधीच सुरू झाली होती. निकाल बाहेर येण्याआधीच, २४ मेला, बाईंनी दहा नंबरच्या, म्हणजे पंतप्रधान निवासाच्या, दारासमोर उभं राहून राजीनाम्याची तारीख सांगितली. शेवटच्या वाक्याला आवाज फुटला. मला त्यांचं धोरण कधी पटलं नाही, पण त्या दिवशी सौ. चहा घेऊन आल्या आणि न बोलता शेजारी बसल्या.

चहा_कमी_साखर

अवांतर: रात्रपाळीभाऊ, त्या ग्रीन कार्डचं पुढे काय झालं? हिरवा कागद वाया गेला का?

रात्रपाळी_मालाड

सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं. वर्षभराच्या नियमाची गोष्ट आणि दहावी अनुसूची तिने वहीत उतरवून घेतली. चाळीच्या भिशीचा दाखला परीक्षेत देऊ का, असं विचारतेय. मी म्हटलं, दे. बाहेरून येणारे सर वयस्क असतील तर हसतील तरी.

ग्रीन कार्डचं म्हणाल, तर डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सनना ३६५ जागा मिळाल्या, करार संमत झाला आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. पण त्या दिवशी गाडीवाल्यांसाठी काहीच बदललं नाही, कारण वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू ठेवले होते. म्हणजे माझ्या पत्रात पाचवी तारीख आली, ३१ डिसेंबर २०२०. ती मी लॉकडाउनमध्ये घरून बदलली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. तोपर्यंत कार्ड पांढऱ्या कागदावर छापलं तरी चालेल असा नियम झाला होता. कार्ड लागायला लागलं १ जानेवारी २०२१ ला आणि २ ऑगस्टला युरोपनेच ते माफ केलं. सात महिने. या वेळी तळटीप दोनदा तपासली होती.