१८४१ च्या जनगणनेतलं वय
इंग्लंडमधल्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा १८०७ चा आणि १८४१ च्या जनगणनेत वय ३०, म्हणून हा माणूस आपला खापरपणजोबा नव्हेच, असं कुणी म्हणेल. घाई करू नका. १८४१ ला पंधराच्या वरची वयं पाचच्या पटीत खाली उतरवून लिहायची होती. ३४ चे ३० झाले. (सगळ्याच गणकांनी ते पाळलं नाही.) जन्मगाव त्यात नसतं, 'त्याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म झाला का' एवढंच. ते १८५१ च्या जनगणनेत सापडेल. चर्चच्या नोंदवहीचं पान ओलीनं गेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल काउंटीच्या अभिलेखागारात मागा, ती बरेचदा शाबूत असते. आणखी मागे जाताना जपून: १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले. वहीतला फेब्रुवारी १७४० म्हणजे आपला १७४१. हे नजरेतून सुटलं की मे १७४० च्या लग्नाआधीच, फेब्रुवारीत, मूल झालेलं दिसतं.