मालदीव : पर्यटक वाढले, पण घरं रिकामीच

पर्यटन वाढलं की तरुणांना घराजवळ काम मिळतं आणि स्थलांतर थांबतं, असं म्हटलं जातं. मालदीवबाबत मला हे अजिबात पटत नाही. तिथे बहुतेक रिसॉर्टला स्वतंत्र बेट असतं, वस्ती नसलेलं. म्हणजे कामाला जायचं तर गाव सोडावंच लागतं. २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आतच होती, त्यातले साधारण ४० टक्के लोक एकट्या माले या राजधानीच्या शहरात. आणि सव्वा लाखाहून जास्त परदेशी, मुख्यतः कामगार.

वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी मिळाल्यावर चित्र थोडं बदललं, हे खरं. माफुशी बेटावर आम्ही अशाच एका ठिकाणी उतरलो होतो. पहाटे किनाऱ्यावर आलेलं शेवाळ दाताळ्याने ओढणारा मुलगा बांगलादेशचा, स्वयंपाकीही तिकडचाच. मालक स्थानिक, पण बायको-मुलं शाळेसाठी मालेत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. "पाहुण्यांसाठी बारा खोल्या आहेत, घरी मात्र मी एकटाच," असं तो म्हणाला, तेव्हा फार वाईट वाटलं. बेटांवर चांगली शाळा आणि दवाखाना आधी हवा, नव्या खोल्या नंतर.