छोट्या मिलला घरीच डब्बा बनवायचाय, कशाचा बनवू?

मानेवाडा_मिल
नमस्कार मंडळी. माझ्याकडे छोटी बेंचटॉप मिल आहे, म्हणजे टेबलावर ठेवायचं धातू कापायचं मशीन. तिचं टेबल ३९० मिमी लांब, एक्स प्रवास (टेबल डावी-उजवीकडे सरकते ते अंतर) २२० मिमी, स्टेपर मोटर लावून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी केलेली. मशीन वरच्या खोलीत आहे आणि ॲल्युमिनियम कापताना चिप्स पार जिन्यापर्यंत उडतात, आई रोज ओरडते की पायात रुतून राहिलं म्हणून. पुढं फ्लड कूलंट (कापताना सतत सोडायचं थंड करणारं पाणी-तेल) पण चालू करायचंय. म्हणून मशीनला चारही बाजूंनी बंद डब्बा करायचा विचार आहे. एक जण म्हणते ॲक्रेलिक लाव स्वस्तात होते, दुसरा म्हणते सरळ प्लायवूडची पेटी ठोक. फ्रेमला ॲल्युमिनियम प्रोफाईल घेऊ की एक इंची चौकोनी पाईप वेल्डिंग करून घेऊ? आवाज पण कमी झाला तर शेजारचे काका दुवा देतील.

हिंगणा_टूलरूम
भाऊ, फ्रेम कशाचीही कर बे, तिथं डोकं लावू नको. पाईप आपल्या नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत मिळून जाईल, वेल्डिंग येत असेल तर तेच कर. पहिले दोन गोष्टी बघ, माप आणि मशीनखालचा कूलंट झेलणारा ट्रे.

माप म्हणजे टेबलाचं नाही, टेबल जिथपर्यंत जाते तिथपर्यंतचं. ३९० अधिक २२० म्हणजे ६१० मिमी तर नुसतं टेबलच फिरते, वरून एक्सची मोटर टेबलाच्या टोकाला लागलेली असेल तर ती पण सोबत फिरते. आतून ८०० च्या खाली जाऊ नको, नाहीतर व्हाईसचं (जॉब पकडायच्या शिकंज्याचं) हँडल फिरवायला हात जाणार नाही.

ट्रे १८ गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा, कोपरे रिव्हेट नको, रिव्हेटमधून कूलंट हमखास गळते, घडी मारून सोल्डर नाहीतर सिलिकॉन. मशीनचे बोल्ट ट्रेमधून खाली जातात ना, तीच खरी गळायची जागा. मशीनखाली स्टीलचे इंचभर जाडीचे ठोकळे दे आणि ठोकळ्याभोवती सिलिकॉन भर, म्हणजे बोल्टाचं छिद्र कूलंटच्या पातळीच्या वर राहते. आणि भिंतीच्या शीटचा खालचा काठ ट्रेच्या आत उतरव, बाहेरून लावू नको. कौलं कशी एकावर एक बसवतात, पाणी बाहेर यायला वाटच नसते, तसंच. लोक काठ बाहेरून लावतात आणि मग वर्षभर सिलिकॉन थापत बसतात.

ॲक्रेलिक विसर. एंडमिल (मिलचा फिरणारा कटर) तुटली का तुकडा गोळीसारखा येते, ॲक्रेलिक तडकून त्याचेच धारदार तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट घे, पण शेडवर टाकतात ती पोकळ वाली नाही, भरीव कॉम्पॅक्ट शीट, ५ मिमी. छिद्रं स्क्रूपेक्षा मोठी पाड आणि रबर वॉशर दे. आपल्याकडे डिसेंबरात दहा-बारा डिग्री आणि मे महिन्यात पंचेचाळीस, मीटरभर शीटला दोन मिमीच्या वर फरक पडते. गच्च आवळली आणि त्यावर तेल लागलं की छिद्रापासून बारीक चिरा सुटतात. थिनरनं तर पुसूच नको.

लाकडगंज_सुतार
प्लायचं तर कोणी नावच घेतलं नाही राजेहो. आवाजासाठी वजन पायजे, पत्र्याचा डब्बा उलट वाजते. मागची आणि बाजूची भिंत १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, आतून सनमायका, कडा नीट सील केल्या तर कूलंटनं काही होत नाही. एमडीएफ मात्र नको, कड भिजली का फुगलीच समजा. आणि आवाज फटीतूनच जाते, दाराला चारही बाजूंनी रबर बीडिंग नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. आतून स्पंज चिकटवायचा सल्ला कोणी देईल तर ऐकू नका, तो तेल पिते आणि चिप्स धरून ठेवते.

हिंगणा_टूलरूम
प्लायचं मान्य, पण कोरडं काम असेल तर. फ्लड चालवायचं म्हणते ना तो, मी तरी आतून पत्राच लावीन आणि प्लाय त्याच्या मागून.

वायरमन_बुलडी
ड्रायव्हर (मोटर चालवणारे बोर्ड) आणि एसएमपीएस (त्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय) डब्ब्याच्या बाहेर ठेव, हे पहिले. ॲल्युमिनियमचा बारीक कीस बोर्डावर पडला की शॉर्ट. शिवाय बऱ्याच एसएमपीएसची क्षमता पन्नास डिग्रीच्या पुढं खाली येते, आणि मे मध्ये आपली वरची खोलीच पंचेचाळीसला असते, बंद डब्ब्यात काय होईल बघ. पंखा लावशील तर फिल्टरसकट. आणि कूलरच्या समोरून हवा ओढू नको भाऊ, ती ओली हवा स्लाईडवर गंज चढवते, उन्हाळ्यात अर्ध्या नागपूरच्या मशिनी अशाच खराब होतात.

दाराला लिमिट स्विच लाव, म्हणजे दार उघडलं की मशीन थांबते. तो एनसी कॉन्टॅक्टवर (एरवी जोडलेला राहणारा) घे, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. कंट्रोलरवर जीआरबीएल (छोट्या सीएनसीचं सॉफ्टवेअर) असेल तर सेफ्टी डोअर कॉन्फिग फाईलमध्ये चालू करावं लागते, मग ते फीड होल्डचीच (काम मध्येच थांबवायची) पिन वापरते. पण त्याच्या भरवशावर राहू नको, इमर्जन्सी बटन वेगळं, थेट पॉवर कापणारं, आणि हाताला लागेल असं डब्ब्याच्या बाहेर.

मानेवाडा_मिल
लय भारी माहिती दिली सगळ्यांनी. एक शंका, सध्या ॲल्युमिनियमवर ब्रशनं रॉकेल मारतो, डब्बा झाल्यावर चालेल ना?

हिंगणा_टूलरूम
अजिबात नाही. उघड्यावर वाफ उडून जाते, बंद डब्ब्यात साचते, आणि आत गरम चिप्स, स्पिंडल मोटर (कटर फिरवणारी), स्विच सगळंच आहे. पॉलीकार्बोनेटला पण रॉकेल चांगलं नाही. पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑईल घे, ऑईलच्या कॅनवर लिहिलेल्या प्रमाणात, पाणी आरओचं वापर, बोअरच्या पाण्यानं पांढरा थर जमते. दार सरकतं ठेवशील तर खालचा ट्रॅक चिप्सनं जाम होईल, वरून लटकणारं कर किंवा किचनच्या ट्रॉलीवाल्याकडून गॅस स्ट्रट (दार वर धरून ठेवणारा दांडा) आण आणि वर उघडणारं बनव. माप काढून ड्रॉइंग टाक इथं, पत्रा कापायच्या आधी बघून देतो.